गिअरबॉक्समधलं टोरीचं तेल

मोटारसायकलचं तेल मी सहा वर्षं बदललं. हौस होती म्हणून नाही. घरात मोठी माणसं दोनच होती आणि त्यातल्या एकाचा गुडघा वाकत नव्हता.

देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. आता ज्याला गोंदिया जिल्हा म्हणतात तो तेव्हा भंडाऱ्यातच होता. आम्ही नवेगाव बांधच्या बाजूला, जंगलाला लागलेल्या एका गावात राहत होतो. माझा नवरा गोंदियाच्या एका बिडीवाल्या शेठकडे मुनशी होता. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळ्यांवर जायचं. फळी म्हणजे लोक जंगलातून तोडून आणलेल्या पानांचे पुडे जिथे उन्हात मांडतात ती जागा. तिथे पुडे पाहायचे, खराब पानं काढायला लावायची. बाकीचं वर्षभर बिड्या वळणाऱ्या बायांकडे पान-तंबाखू पोचला का ते बघायचं आणि तयार बिड्या तपासायच्या. पंधरा-वीस गावं होती. सायकलवर होत नव्हती, म्हणून शेठने त्याला मोटारसायकल दिली.

ती लढाईतली होती. लढाई संपल्यावर फौजेचं सामान लिलावात निघालं, त्यात शेठने घेतलेली. वरून काळा रंग मारला होता, पण कुठे खरचटली की खालून हिरवा दिसायचा. वजनाला म्हशीएवढी. आडवी पडली तर एकट्या माणसाला उचलत नसे. शेठ हिंदीच बोलायचा. गाडी देताना तो म्हणाला, "तेल-पानी का ध्यान रखना. इंजन जाम हुआ तो गाड़ी यहीं छोड़ जाना, और नौकरी भी." हे नवऱ्याने घरी येऊन मला हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

नोकरी गेली असती तर आम्हाला परत बिरसीला जावं लागलं असतं. तिथे माझ्या मोठ्या दिराचं घर आणि धानाची शेती. घरात चौदा माणसं. लग्न झाल्यावर सात वर्षं मी त्या घरात काढली. सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं, भांड्यात उरेल ते. दुसऱ्या बाळंतपणानंतर तेराव्या दिवशी मोठ्या जाऊबाईने मला रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, चिखलात उभं केलं, कारण त्या दिवशी बाया कमी आल्या होत्या. तिने वाईटपणाने केलं असंही नाही. तिच्यासोबतही कोणी तसंच केलं होतं. पण मला तिथे परत जायचं नव्हतं. इथे दोन खोल्यांचं कवेलूचं, म्हणजे कौलारू, घर होतं, भाड्याचं, आणि त्यात चूल माझी होती. भूक लागली की मी जेवत होते. एवढ्यासाठी मी काय वाटेल ते केलं असतं, आणि जे करावं लागलं ते मोटारसायकलचं तेल बदलणं हे होतं.

गाडी घेऊन पहिल्यांदा गोंदियाचा मिस्त्री सोबत आला होता. त्याने अंगणात बसून नवऱ्याला सगळं दाखवलं. मी दारात तांदूळ निवडत बसले होते. नवरा मान हलवत होता, पण त्याचं लक्ष गाडीच्या हँडलकडे होतं. त्याला चालवायची घाई होती. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण लिहिता येत होतं. मिस्त्री बोलला ते मी मागाहून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवलं. इंजिनाचं तेल वेगळं, गिअरचं वेगळं. गिअरचं घट्ट असतं. एकाचं दुसऱ्यात टाकायचं नाही. तेल गरम असताना सोडायचं. नटाखालची तांब्याची चकती हरवायची नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात नवरा एका नाल्यात गाडीसकट पडला. गाडीला काही झालं नाही. त्याचा उजवा गुडघा सुजला, तो दोन महिन्यांनी उतरला, पण गुडघा पुन्हा पूर्ण वाकला नाही. चालता येत होतं, गाडी चालवता येत होती, डाव्या पायाने किक मारायला तो शिकला. उकिडवं बसता येत नव्हतं. आणि तेल सोडायचा नट गाडीच्या पोटाखाली होता.

तो म्हणाला, "मिस्त्रीले बोलावतो."

मी म्हटलं, "बोलवा. शेठले कळू द्या का गुडघा गेला. मंग गाडीवर दुसरा कोनी बसवते तो."

तो उठला. मग त्याने खाट ओढून गाडीजवळ आणली, तिच्यावर पाय लांब करून बसला आणि मी खाली बसले. पुढची सहा वर्षं हे असंच चाललं. तो वर, मी खाली.

काम अवघड नव्हतं. कंटाळवाणं होतं आणि ते मी बाकीच्या कामांतून उरलेल्या अंगाने करत होते. नवरा गाडी सुरू करून गावाबाहेरच्या चिंचेपर्यंत जाऊन यायचा, म्हणजे तेल पातळ व्हायचं. मग मी खाली घमेलं सरकवायचे, पान्याने नट ढिला करायचे आणि शेवटचे आटे बोटांनी काढायचे. तेल हातावर यायचंच. पहिल्यांदा मनगट भाजलं तेव्हा नट घमेल्यात पडला आणि मला गरम काळ्या तेलात हात घालून तो शोधावा लागला. नवरा वरून म्हणाला, "आधी फडकं धरायचं होतं." मी म्हटलं, "आधी सांगायचं होतं."

सीटखाली तेलाची वेगळी टाकी होती. तिच्यातली जाळी काढून मातीच्या तेलात, म्हणजे रॉकेलमध्ये, धुवायची. गिअरबॉक्सचं तेल दर वेळी बदलायचं नसे, पण पाहायचं. त्याला बाजूला एक छोटा स्क्रू होता. तो काढून वरून तेल ओतायचं आणि त्या भोकातून थेंब येऊ लागले की थांबायचं. मला हे आवडलं होतं. बाकी कुठल्या कामात पुरे झालं हे असं समजत नसे.

हाताचा वास तीन दिवस जायचा नाही. राखेने घासले, लिंबाने घासले, तरी नखांत काळं राहायचंच. त्या तीन दिवसांत मला बिड्या वळायला बसता येत नव्हतं. तंबाखू वास पकडतो आणि बिड्या तपासायला घरचाच माणूस होता. त्याने माझ्या बिड्या एकदा बाजूला काढल्या होत्या. बरोबरच केलं त्याने. तरी त्या दिवशी मी त्याला भाजी वाढली नाही.

निघालेलं तेल फेकायचं नसे. गावात त्याला कारं तेल म्हणत. बंडीच्या म्हणजे बैलगाडीच्या आखाला, घराच्या खांबांना उदई म्हणजे वाळवी लागू नये म्हणून, म्हशीच्या खरजेवर, सगळ्याला ते चालायचं. मी घमेलं बाहेर काढलं की कोणाला तरी ते दिसायचंच आणि अर्ध्या तासात चार माणसं डबे घेऊन उभी. पहिल्यांदा भांडणं झाली. मग गावानेच एक रीत पाडली. पावसाळ्यात गाडी चिखलात, नाल्यात फसायची आणि ती ओढून काढायला बैल लागायचे. ज्याच्या बैलांनी गाडी काढली, त्याचा पुढच्या तेलावर हक्क. दोघांनी काढली असेल तर अर्धं अर्धं. एकाने एकदा दावा केला की नवऱ्याला ताप असताना त्याने त्याला बंडीत घालून आणलं होतं. बाकीचे म्हणाले, "तू मानूस आनला, गाडी नाई. मानसाचं तेल निघंल तवा तू ये."

शेजारी एक बुढी राहत होती, गोंड. नवरा मेलेला, दोन मुलगे जंगलात लाकडाच्या कामावर. ती मोह वेचायची, मोहाच्या बिया म्हणजे टोरी गोळा करायची आणि तेल काढून आणायची. माझ्या घरात दिव्याला आणि भाजीला तिचंच तेल असायचं. टोरीच्या तेलाला एक वास असतो. सवय नसली तर नको वाटतो. मला सवय झाली होती.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी गिअरबॉक्स गळू लागला. सकाळी गाडीखाली तळहाताएवढा डाग. मी नट आवळला, तांब्याची चकती चुलीत तापवून पाण्यात टाकली, मिस्त्रीने सांगितल्यासारखी, परत बसवली. डाग राहिलाच. गिअरच्या तेलाचा डबा छोटा होता आणि पावसाळाभर भर घालून तो संपला. नवऱ्याने गोंदियाला जाणाऱ्या माणसाजवळ दोनदा निरोप दिला. तेल आलं नाही. शेठच्या दुकानातला माणूस म्हणाला असेल, आताच तर दिलं होतं. तिसऱ्यांदा निरोप देण्याची नवऱ्याची हिंमत होत नव्हती, कारण मग गळती का आहे हा प्रश्न येणार.

दसरा होऊन गेला होता. ऊन चांगलं कडक होतं. बुढी तिच्या अंगणात बंडीचं चाक काढून आखाला तेल लावत बसली होती.

"काऊन तोंड पाडून बसली वो?"

"गाडी गळून राहिली, आजी. भरलं का गळते."

"तुमचं ते इलायती तेल पान्यासारखं आहे, मंग गळनारच. माजी बंडी पाह्य. टोरीचं लावलं का बसते जिथल्या तिथं. थंडीत तर असं धरून ठेवते का बस."

यात खोटं काही नव्हतं. टोरीचं तेल थंडीत गोठतं हे आमच्याकडच्या लेकराला माहीत आहे. बंडीला ते गोठलेलंच बरं असतं, आखावरून ओघळत नाही. मी बसून विचार केला. आत दातेरी चाकं आहेत, ती फिरतात, त्यांना घट्ट तेल लागतं. हे तेल घट्ट आहे. गळती घट्ट तेलाने थांबेल. इंजिनाचं पातळ तेल टाकू नका असं मिस्त्रीने सांगितलं होतं, टोरीचं टाकू नका असं सांगितलं नव्हतं. बंडीच्या तेलात तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, राख घालतात, ती घालायची नाही एवढी अक्कल मला होती. दुपारी नवरा जेवून झोपला होता. मी तेल फडक्यातून गाळलं, जरा कोमट केलं आणि स्क्रूच्या भोकातून थेंब येईपर्यंत ओतलं.

गळती थांबली. दुसऱ्या दिवशी डाग नाही, तिसऱ्या दिवशी नाही. आवाजही कमी झाला. नवरा म्हणाला, "या खेपेस चकती बराबर बसली. हात बसला तुझा." मी हो म्हटलं. तो एरवी असं बोलणारा नव्हता, आणि मी खरं सांगितलं नाही.

महिना-दीड महिना गेला. धान कापून झालं होतं. एका सकाळी एकदम थंडी पडली, अशी की तलावाकडून आलेलं धुकं आठ वाजले तरी अंगणातून उठलं नव्हतं. त्याच दिवशी शेठ स्वतः छोट्या लाईनीच्या आगगाडीने येणार होता, ठेसनजवळच्या गोदामातला माल पाहायला. नवऱ्याला दहाच्या आत तिथे पोचायचं होतं. त्याने गाडी बाहेर काढली, डाव्या पायाने किकवर जोर दिला आणि किक खाली जाईना. पुन्हा दिला. दोन बोटं गेली आणि अडकली. गिअरचा दांडा हलवून पाहिला, तोही हलेना. तो गाडीला टेकून उभा राहिला.

"इंजिन जाम झालं," तो म्हणाला.

मग खाटेवर जाऊन बसला. नंतर म्हणाला, "पोरींचे कपडे बांधून ठेव. दादाले चिठ्ठी लिहितो."

मी आत गेले. बांधाबांध करायला नाही, चहा ठेवायला. त्याने काही खाल्लं नव्हतं. रात्रीचे दोन भजे होते, ते गरम करून द्यावे म्हणून तेलाचं गाडगं वाकडं केलं. काही पडलं नाही. आत बोट घातलं. तेल पिवळट लोण्यासारखं गोठून बसलं होतं, बोट घातलं तिथे खड्डा तसाच राहिला.

मी ते गाडगं हातात घेऊनच बाहेर आले.

"इंजिन नाई जाम. गिअर जाम आहे."

"तुले काय समजते त्यातलं?"

"मी यात हे टाकलं. दसऱ्याच्या मागून."

त्याने गाडग्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"टोरीचं?"

"हो."

"भाजीचं तेल टाकलं गाडीत."

"हो म्हटलं ना."

"फोडनी दिली का नाई?"

मी म्हटलं, "ओरडायचं असन तर आताच ओरडून घ्या. मंग मले काम करू द्या."

तो ओरडला. थोडाच वेळ, कारण वेळ नव्हता. मी तोवर चुलीवर पाण्याचा हंडा चढवला. पेट्रोलजवळ निखारे न्यायचे नाहीत हे मला समजत होतं. गोधडीची फडकी गरम पाण्यात पिळून गिअरबॉक्सला गुंडाळली. ती निवत, मग दुसरी. तव्यावर धानाचा कोंडा गरम करून पुरचुंड्या बांधल्या आणि त्या वरून दाबून धरल्या. बाळंतिणीच्या कमरेला शेकतात तसंच. बुढी कुंपणावरून पाहत होती.

"गाडीले पोरगा झाला का पोरगी?"

"तुमचंच तेल आहे, आजी. या, शेका आता."

ती आली. तिने दुसरी बाजू धरली. आम्ही दोघी तासभर शेकत बसलो आणि नवरा खाटेवर पाय लांब करून पुरचुंड्या बांधून देत होता. हात सोलून निघाले. हातापेक्षा कंबर जास्त दुखली. मधून मधून तो किक दाबून पाहायचा. एकदा ती थोडी जास्त खाली गेली. मी नट काढला. आधी काही आलं नाही, मग पिवळी गोठलेली वात बाहेर लोंबू लागली आणि तिच्यामागून पातळ तेल. त्यातलं काही सायलेन्सरवर सांडलं. मी पुसलं, पण घाईत.

आत टाकायला गिअरचं तेल नव्हतंच. इंजिनाच्या तेलाचा एक डबा होता. एकाचं दुसऱ्यात टाकायचं नाही, हे कॅलेंडरवर माझ्याच हाताने लिहिलेलं होतं. मी ते टाकलं. गाडी चौथ्या किकला सुरू झाली. नवरा तसाच निघाला.

संध्याकाळी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. पोचायला उशीर झालाच होता. त्याने धुक्याचं कारण सांगितलं. शेठने ते ऐकून घेतलं, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "क्यों मुनशीजी, गाड़ी में पकौड़े तले क्या?" सायलेन्सर तापला की सांडलेलं तेल जळत होतं आणि टोरीच्या तेलाचा वास लपत नाही. शेठ एवढंच म्हणाला की आठवड्यात मिस्त्रीला पाठवतो, तो गाडी उघडून पाहील.

ते सात दिवस कसे गेले यात सांगण्यासारखं काही नाही. मी रोजची कामं केली. पोरींचे कपडे बांधले नाहीत, पण धुऊन घडी करून एका जागी ठेवले. नवऱ्याने चिठ्ठी लिहिली आणि टपालात टाकली नाही. बिरसीचं घर मला डोळ्यांसमोर दिसायचं, विशेषतः तिथला मागचा ओटा, जिथे बसून मी सगळ्यांच्या नंतर जेवत होते.

मिस्त्री छोट्या लाईनीच्या गाडीने आला, कापडी पिशवीत पाने घेऊन. तोच पहिला मिस्त्री. नवऱ्याने मला आधीच बजावलं होतं, "तू आत राह्य. एक शब्द बोलायचा नाई."

मी आत राहिले. दारामागून दिसत होतं. मिस्त्रीने गिअरबॉक्सचं झाकण उघडलं, उजेडात धरलं, कोपऱ्यातून बोटाने काहीतरी काढलं आणि नाकाला लावलं.

"ये क्या है?"

"ग्रीस असेल," नवरा म्हणाला.

"ग्रीस में महुए की बास?"

नवरा काही बोलेना. त्याला खोटं बोलता येत नव्हतं. नुसतं गप्प राहता येत होतं. ते पाहून मला कंटाळा आला. आता जे व्हायचं ते होऊ दे, पण हे उभं राहून पाहणं नको, असं वाटलं. मी बाहेर आले.

"मी टाकलं. टोरीचं तेल आहे. गळती थांबत नव्हती आणि तुमच्या दुकानातून तेल येत नव्हतं."

मिस्त्रीने वर पाहिलं. "आपने? तेल कौन बदलता है इसका?"

"मीच. यांचा गुडघा वाकत नाही."

नवऱ्याने मान खाली घातली. जे लपवायचं ते दोन्ही मी एका दमात सांगून टाकलं होतं. मिस्त्री उठला नाही. तिथेच बसून विचारू लागला. आधी कोणता नट सोडता. जाळी कशाने धुता. चकती कधी बदलली. किती ओतायचं ते कसं समजतं. मी सांगत गेले. चकती तापवून पाण्यात टाकते हे ऐकून त्याने मान हलवली. ते त्यानेच शिकवलं होतं, मला नाही, पण शिकवलं होतं. मग त्याने दातेरी चाकं एकेक पुसून पाहिली.

"दाँत सलामत हैं," तो म्हणाला. "बाई, सोच गलत नहीं थी. पुराने गिअरबॉक्स में पतला ग्रीस डालते ही हैं. माल गलत था."

नवरा म्हणाला, "शेठले काय सांगाल?"

"जो देखा वही."

त्याने गिअरबॉक्स धुतला, सील बदललं, सोबत आणलेलं तेल मला ओतायला लावलं आणि मी ओतत असताना माझ्या हाताकडे पाहत राहिला. जेवून दुपारच्या गाडीने गेला. जाताना काही बोलला नाही. म्हणून आम्हाला वाटलं की आता नोकरी गेलीच. नवऱ्याने त्या रात्री मला एवढंच विचारलं, "गुडघ्याचं काऊन सांगितलं?" मी म्हटलं, "तुम्ही काऊन नाई सांगितलं?" 

पाच-सहा दिवसांनी सकाळी अंगणात मोटारसायकलचा आवाज आला. आमची तर आतच उभी होती. बाहेर पाहिलं तर दोन गाड्या, दोन माणसं. शेठचे दुसऱ्या भागातले मुनशी, दोघेही तरणे. एकाच्या हातात शेठची चिठ्ठी होती, हिंदीत. नवऱ्याने वाचली, मग मला दिली. मुनशीने काम चालू ठेवावं असं होतं. आणि मिस्त्रीला दर वेळी गोंदियाहून पाठवणं परवडत नाही, तो म्हणतो तिथली बाई हे काम नीट करते, तेव्हा तिकडच्या तिन्ही गाड्यांचं तेल यापुढे तिथेच बदलावं. तेल पाठवत जाईन, टोरीचं वापरू नये. गुडघ्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

नवऱ्याच्या तोंडावर किती दिवसांनी रक्त आलं. त्याने खाट ओढली, पाय लांब केले. ते दोघे तरणेही खाटेच्या दोन बाजूंना बसले, चांगले गुडघे असलेले. तिघे माझ्याकडे पाहू लागले.

आम्हाला बिरसीला जावं लागणार नव्हतं. हे मला समजलं होतं. पण त्या वेळी मला आनंद झाला असं म्हटलं तर खोटं होईल. पहाटेपासून धान कांडून माझे खांदे भरून आले होते, आणि समोर दोन परक्या गाड्या होत्या, दोन्ही तळाकडून चिखलाने माखलेल्या.

मी म्हटलं, "घरात पानी नाई. तुम्ही दोघं जन विहिरीवरून दोन-दोन गुंड पानी आना. मंग बसतो मी."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. आमच्याकडे पाणी बायकाच आणत. धट्टाकट्टा पुरुष डोक्यावर गुंड, म्हणजे पाण्याची घागर, घेऊन गावातून चालला तर सगळं गाव पाहतं. नवऱ्याला वाटलं मी थट्टा करते आहे. मी गुंड आणून त्यांच्यापुढे ठेवले आणि आत जाऊन बसले.

थोड्या वेळाने ते विहिरीकडे गेले. एकाने खांद्यावर धरला, एकाने डोक्यावर, आणि बुढीने कुंपणावरून विचारलं की बाबू, लुगडं आणून देऊ का. पाणी सांडत सांडत आणलं, पण आणलं. पुढे दर महिन्या-दोन महिन्यांनी ते तेल बदलायला येत, आणि आल्या आल्या न सांगता गुंड उचलत. त्या दिवशी मला विहिरीवर जावं लागत नसे. मी जेवून घ्यायचे, थोडा वेळ भिंतीला पाठ टेकायचे आणि मग घमेलं घेऊन खाली बसायचे.